मुलाच्या हातची भाकर

वर्गाच्या पहिल्या दिवशी वाल्मीक आत आला, तशी तीस माणसं उठून उभी राहिली. पहिल्याच सतरंजीवर बसलेले सावळीराम मास्तरही उठले. गुडघ्यावर हात टेकून, जरा वेळ लावून, पण उठले. वाल्मीक गोंधळला. बाप आपल्यासमोर असा उभा, हे काही त्याला सोसेना.

"बाबा, तुम्ही बसा ना."

"वर्गात बाबा नसतो. शिकवा, मास्तर!" सावळीराम म्हणाले आणि सगळे हसले.

१९३६ चा एप्रिल होता. तीन मिशनांनी मिळून नाशिकला, शरणपूरच्या शाळेत, गावोगाव ख्रिस्ताची शिकवण सांगणाऱ्या उपदेशकांसाठी पंधरा दिवसांचा अभ्यासवर्ग भरवला होता. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बिशपला मानणारे शरणपूरकर होते, अमेरिकन मंडळीचे, म्हणजे चर्चचे, नगरकडचे होते, इगतपुरीकडचे मेथॉडिस्ट होते. पहिल्या प्रार्थनेला शरणपूरकरांनी गुडघे टेकले, नगरकर बसल्या जागी मान खाली घालून राहिले आणि इगतपुरीकर उभे राहिले. दोन-तीन दिवस सगळे एकमेकांकडे चोरून बघत होते. मग सवय झाली.

सावळीराम छत्तीस वर्षं उपदेशक होते. पेठच्या बाजूची गावं त्यांनी पायी पालथी घातली होती. वाल्मीक त्यांचा एकुलता एक. हुशार निघाला म्हणून शिकायला नगरला पाठवला, तो तिकडचाच झाला. तिकडचीच सून आली. चार वर्षांपूर्वी तिथल्या मंडळीने त्याला दीक्षा देऊन पाळक, त्यांचा पाद्री, केलं, तेव्हा सावळीराम शेवटच्या बाकावर बसून बघत होते. वडील माणसं वाल्मीकच्या डोक्यावर हात ठेवत होती आणि यांचे हात मांडीवर होते.

त्या दिवसापासून त्यांना एकच वाटत होतं. मुलाच्या हातून एकदा प्रभुभोजनाची, उपासनेत येशूच्या आठवणीने मोडून वाटतात ती, भाकर घ्यावी. पण त्यांच्या मंडळीचा नियम असा, की ज्याच्या डोक्यावर बिशपचा हात पडलेला नाही, त्याच्या हातून ती घ्यायची नाही. हा नियम ते स्वतः तीस वर्षं पोराबाळांना शिकवत आले होते.

त्यांची बायको गोजराबाई दोन वर्षांमागे नगरला गेली आणि मुलाच्या हातची भाकर घेऊन आली.

"मला कुणी इचारलं नाय, म्या गेले," ती म्हणाली.

सावळीराम दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. रागाने नव्हे. तुला काय वाटलं, हे तिला विचारायचं होतं आणि जीभ रेटत नव्हती.

वर्गात वाल्मीक मंडळीचा जुना इतिहास शिकवत होता. सुरुवातीला एका शहरात एकच मंडळी असे, असं त्याने सांगितलं. सावळीरामांनी हात वर केला.

"त्या वेळी करिंथचा माणूस रोमला गेला, तर त्याला प्रभुभोजनाला कुठल्या मेजाशी बसवत?"

"एकच मेज होतं."

"मग ते मोडलं कुणी?"

"मोडायला म्हणून कुणी निघालं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, आपण सांभाळतोय."

सावळीरामांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्या दिवशी पुढचं काही त्यांनी लिहिलं नाही.

शेवटच्या रविवारी दोन उपासना ठरल्या. सकाळी सातला चर्चच्या देवळात शरणपूरकरांची, नऊला शाळेच्या हॉलमध्ये बाकीच्यांची, आणि ती चालवणार वाल्मीक. त्या उपासनेत भाकर घेऊ का, हे विचारायला शनिवारी सावळीराम आपल्या पाद्रीसाहेबांकडे गेले. पाद्रीसाहेब मराठीच, वयाने त्यांच्याहून लहान. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मास्तर, सगळ्या मंडळ्या एक करायची बोलणी चालू आहेत. वर मोठी माणसं बसली आहेत एकत्र. दहा वर्षांत काहीतरी होईल."

"मी बासष्टचा आहे, साहेब."

"मी हो म्हणू शकत नाही. तुम्ही गेलात, तर मात्र मी कुणाला विचारायला जाणार नाही."

सावळीरामांना वाटलं, यापेक्षा सरळ नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

रविवारी देवळातली उपासना आटोपून ते हॉलमध्ये येऊन मागे बसले. फक्त बघायचं, असं मनाशी ठरवलं होतं. पण नगरकरांची रीत वेगळी. तिथे कुणी उठून पुढे जात नाही, भाकरीची थाळी ओळीओळीने हातोहात फिरते. वाल्मीकने प्रार्थना करून भाकर मोडली, थाळ्या निघाल्या आणि एक सावळीरामांच्या ओळीत शिरली. पलीकडे, मुलाच्या उपासनेसाठी आलेली गोजराबाई होती. तिने तुकडा घेतला, थाळी नवऱ्याच्या हातात दिली आणि डोळे मिटले.

पितळेची साधी थाळी, त्यात भाकरीचे तुकडे. हातात आली आणि त्यांना ती पुढे सरकवता येईना. ओळ थांबली. समोर वाल्मीक मेजाशी उभा होता. त्याने बघितलं आणि चटकन नजर फिरवली, बापाला अडचण नको म्हणून. घे, असं सावळीरामांना आतून वाटत होतं. आणि समोर ती गेल्या तीस वर्षांतली पोरं दिसत होती, गुडघ्यावर बसून त्यांच्याकडून नियम पाठ करणारी. त्यांना आपण काय सांगणार?

त्यांनी थाळी शेजारच्या धोंडीरामाकडे केली. धोंडीराम इगतपुरीचा मेथॉडिस्ट उपदेशक, पंधरा दिवस त्यांच्याच सतरंजीवर बसलेला. त्याने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग तुकडा घेतला. "मास्तर, तुमच्या हातून मिळाली," तो हळूच म्हणाला.

दुपारी स्टेशनला जायला टांगा आला. वाल्मीक पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

"आज तू ठेव हात."

"बाबा, काहीतरीच काय!"

"डोक्यावर हात ठेव आणि प्रार्थना कर. याला कुठला नियम आड येत नाही. मी बघितलंय सगळं शोधून."

ओसरीवर त्यांनी गुडघे टेकले. वाल्मीकचा हात डोक्यावर आला. प्रार्थनेत तो काय बोलला ते सावळीरामांनी धड ऐकलंच नाही. त्या हाताचं वजन तेवढं कळत होतं, आणि एवढ्याने भागत नाही हेही कळत होतं.

वाल्मीक टांग्यात बसला. गोजराबाईने शिदोरी दिली, नातवंडांसाठी द्राक्षं दिली. सावळीराम टांग्याचा दांडा धरून उभे होते.

"पुढच्या वर्षी?" त्यांनी विचारलं.

"आहे ना वर्ग, बाबा. इथेच घ्यायचा म्हणतायत."

"वर्गाचं नाही रे विचारत."

वाल्मीकला समजलं होतं. त्याने बापाच्या हातावर हात ठेवला आणि टांगेवाल्याने लगाम सैल सोडेपर्यंत तो काढला नाही.