नात्यातलं कुणी

मामानं खुर्ची पुढं ओढली, रुमालानं तिची बैठक झटकली आणि म्हणाला,

"बसा, मॅडम."

ती बसली. शेजारी टायवाला बसला आणि त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडला. टायवाला तिच्याच तुकडीतला. विद्यापीठातून थेट सल्लागार कंपनीच्या प्रशिक्षण योजनेत उचललेल्या पोरापोरींमध्ये रोज न चुकता टाय लावून येणारा तेवढा तोच, म्हणून हे नाव पडलेलं. दोघांचंही हे पहिलंच काम. शहरात बस चालवणाऱ्या कंपनीला आपला कारभार आटोपशीर करायचा होता. कुठला विभाग ठेवायचा आणि कुठला मिटवायचा, हे सांगायला यांना बोलावलं होतं. आज पाळी तक्रार विभागाची होती.

तक्रार विभागात एकच माणूस काम करत होता. तो तिचा सख्खा मामा होता, आणि खोलीतल्या तिघांपैकी दोघांना हे ठाऊक होतं.

"किती वर्षं आहात इथं?" तिनं विचारलं. 'आहात' म्हणताना जीभ जराशी अडखळली. मामाला तिनं जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. विद्यापीठाची सगळी वर्षं ती त्याच्याच घरी राहिली होती, अजून राहत होती. आज सकाळी न्हाणीघरात कोण आधी जाणार यावरून दोघांची जुंपली होती.

"बरीच," मामा म्हणाला. "मॅडमचा जन्मही झाला नसेल तेव्हापासून."

टायवाला हसला. तिनं मान खाली घालून पुढचा प्रश्न शोधल्यासारखं केलं.

काम सुरू होण्याआधी टीमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना गोल बसवून विचारलं होतं, "या कंपनीत कुणाच्या नात्यातलं कुणी आहे का? असेल तर आत्ताच सांगा. गुन्हा नाही तो, फक्त आधी कळलेलं बरं." तिनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कुणीतरी दुसरंच काही विचारलं, विषय पुढं गेला, आणि उघडलेलं तोंड तिनं मिटून घेतलं. नंतर केव्हाही जाऊन सांगता आलं असतं. पण ज्यांना कुठल्याच कामावर घेत नसत ते 'बाकावर' बसत, आणि बाकावरच्यांचं पुढं काय होतं हे प्रशिक्षणातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. शिवाय तिला वाटलं होतं, तक्रार विभागाचं काय, तिथं तर कामाचा डोंगर आहे. त्याला कोण हात लावतंय!

डोंगर आहे हे तिला पक्कं माहीत होतं, कारण तो ती रोज जेवताना ऐकत आली होती. ताटं वाढली की मामी विचारायची, "आज कोण आलं होतं?" आणि मामा सुरू व्हायचा. ड्रायव्हर बेसूर शिट्टी वाजवतो म्हणून आलेले गायनमास्तर. थांब्यावर आपली विहीण उभी असते म्हणून थांबाच हलवा म्हणणाऱ्या आजीबाई. मामीला हसता हसता ठसका लागायचा. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा, माणसं कशी काम करतात याचं तुला कुतूहल का वाटतं, असं विचारल्यावर तिनं ही आजीबाईच सांगितली होती. समोरचे तिघंही खो खो हसले होते. निम्मी नोकरी त्या आजीबाईंनीच मिळवून दिली, असं ती गंमतीनं म्हणायची.

"दिवसाला साधारण किती तक्रारी येतात?" तिनं विचारलं.

"येत नाहीत."

"म्हणजे, कमी येतात?"

"नाही, मॅडम. येतच नाहीत." मामानं टेबलावरची न दिसणारी धूळ हातानं बाजूला सारली. "लोक आता मोबाइलवरून तक्रार करतात. ती परस्पर वरच्या मजल्यावर संगणकवाल्यांकडे जाते. बरीच वर्षं झाली त्याला. मध्ये एक गृहस्थ आले होते दारात. मी लगबगीनं उठलो. तर त्यांना टॉयलेट हवं होतं."

टायवाला पुन्हा हसला, मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन थांबला.

तिनं मामाकडे पाहिलं. मामा टायवाल्याच्या बोटांकडे बघत होता.

"मग तुम्ही दिवसभर..." तिनं विचारलं.

"येतो. खिडकी उघडतो. बसतो. डबा खातो. खिडकी लावतो आणि घरी जातो." मग टायवाल्याला म्हणाला, "लिहा, लिहा. असंच लिहा."

शेवटचा प्रश्न छापील होता, सगळ्या विभागांना तोच. हा विभाग बंद झाला तर कुणाचं काय अडेल? तिनं तो वाचून दाखवला.

"कुणाचं काही अडणार नाही," मामा म्हणाला. आणि जरा थांबून, जणू उत्तर फार तुटक झालं असं वाटून, त्यात भर घातली, "या खोलीत ऊन मात्र छान येतं. कुणालातरी द्या."

दारापर्यंत तो पोचवायला आला. टायवाला पुढं निघून गेल्यावर हळूच म्हणाला,

"चेहरा असा पाडू नकोस, खारू. बाहेर लोक आहेत."

लहानपणी ती गालात खाऊ साठवून ठेवायची म्हणून त्यानं ठेवलेलं हे नाव. एरवी ऑफिसात त्यानं अशी हाक मारली असती तर ती चिडली असती.

संध्याकाळी मामीनं ताटं घेतली आणि नेहमीसारखंच विचारलं, "आज कोण आलं होतं?"

तिचा हात ताटावरच थांबला. मामा घोटभर पाणी प्यायला आणि पेला ठेवून सुरू झाला. आज म्हणे एक चष्मेवाले सद्गृहस्थ आले होते. बसच्या काचेत त्यांना आपलं प्रतिबिंब रोज म्हातारं दिसतं, तेव्हा काचा बदलून द्या. मामी हसायला लागली. आणि तिला वाटलं होतं घास उतरणार नाही, पण मामानं त्या सद्गृहस्थाची अशी काही नक्कल केली की तीही हसली. दोनदा वाढून घेऊन पोटभर जेवली.

मागचं आवरताना मामा भांडी विसळत होता, ती पुसत होती. मामी पलीकडे फोनवर बोलत होती.

"मामीला माहीत नाही?" तिनं विचारलं.

"काय सांगणार तिला? दिवसभर भिंत बघून आलो म्हणून?"

"मामा, मी उद्या बाईंना आपलं नातं सांगते. तुझ्या विभागाचं दुसऱ्या कुणाला तरी लिहू दे. मला नाही जमणार."

"मग तुला काय करतील?"

"या कामावरून काढतील. बाकावर बसवतील."

"बाकावर म्हणजे?"

"ज्यांना काम दिलेलं नसतं ते. रोज यायचं, बसायचं. कुणी बोलावतंय का वाट बघायची."

मामाचा हात नळाखाली तसाच राहिला. पाणी ताटलीवरून घरंगळत होतं.

"नको," तो म्हणाला. "तसलं नको."

मग त्यानं नळ बंद केला, हात पुसले आणि मामीला हाक मारून उगाचच विचारलं, दूध तापवलंस का.

तिनं आणखी एकदा तरी आग्रह धरायला हवा होता. ती अंथरुणाला पाठ टेकताना तसं म्हणालीही मनाशी. पण त्याच्या 'नको'नं छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं होतं, आणि तिला गाढ झोप लागली.

अहवाल तिनंच लिहिला. तक्रार विभागाला एक परिच्छेद पुरला. विभाग बंद करावा, कर्मचाऱ्याला अन्यत्र सामावून घ्यावं. 'कर्मचारी' हा शब्द तिनं तीनदा खोडला आणि तीनदा तोच लिहिला. कंपनीच्या संचालकांपुढं वाचन झालं तेव्हा त्या परिच्छेदाशी कुणी थांबलंसुद्धा नाही.

मामाला मुख्य बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसवलं. घरी त्यानं ती बढती म्हणून सांगितली. "कोपऱ्यातून काढून एकदम लोकांसमोर आणलंय," तो म्हणाला, आणि मामीनं त्याचे दोन्ही शर्ट पुन्हा कडक इस्त्री केले. आता तो उशिरा यायचा, पाय कोमट पाण्यात घालून बसायचा. मामीनं विचारलं तर म्हणायचा, "आलं होतं की शंभर माणूस. कुणाकुणाचं सांगू?" आणि काहीच सांगायचा नाही.

काम संपल्यावर बाईंनी एकेकाला खोलीत बोलावलं. तिची वेळ आली तेव्हा दार लोटून घ्यायला सांगितलं.

"तुला कायम करतोय," बाई म्हणाल्या. "काम चांगलंच आहे तुझं. पण माझ्या मनात ते कधी ठरलं, सांगू? तू मामांना पाठवलंस ना, तेव्हा."

ती उभीच होती. खुर्चीच्या पाठीवर तिनं हात ठेवला.

"तुमची त्यांच्याकडची मुलाखत झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी," बाई सांगत होत्या. "मी गाडीतून उतरतेय, तर फाटकापाशी उभे. म्हणाले, तुमच्याकडे आहे ती माझी भाची. पहिल्या दिवशीच सांगायचं होतं तिला, धीर झाला नाही. काल घरी येऊन घास घेतला नाही पोरीनं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी पहाटे मला उठवून म्हणाली, मामा, तूच जाऊन सांग, मला त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही." बाई हसल्या. "काय सुरेख बोलतात गं! तू कोपऱ्यात बसून मुसमुसतेस ते अगदी डोळ्यांपुढं उभं राहिलं माझ्या. मग मी त्या मुलाखतीच्या नोंदी स्वतः वाचल्या, तुझ्याबरोबर होता त्या मुलाशीही बोलले. सगळं स्वच्छ होतं, म्हणून तुला हलवलं नाही. आणि तुला संकोच वाटू नये म्हणून विषयही काढू नका, असं तेच सांगून गेले होते."

पलीकडे कुणाचा तरी फोन वाजत होता. तो वाजून वाजून थांबला.

"मॅडम," ती म्हणाली, "ते..."

"काय?"

बाई वाट बघत होत्या. चेहऱ्यावर कौतुक होतं, घाई मुळीच नव्हती. तिला पुढचं वाक्य दिसत होतं. ते बोललं की फाटकापाशी शर्टाची बटणं नीट लावून उभा राहिलेला माणूस खोटारडा ठरत होता. आणि नाही बोललं की?

"मी आभारी आहे," ती म्हणाली.

बाई उठल्या. त्यांनी हात पुढं केला आणि तिनं तो हातात घेतला. बाहेर टायवाल्यानं तिचा चेहरा बघून विचारलं, "काय, नाही म्हणाल्या का?" "नाही, नाही, झालं," ती म्हणाली, आणि पर्स उचलून चालू पडली.

घरी मामीसमोर हे बोलता येण्यासारखं नव्हतं. म्हणून ती थेट बसस्थानकावर गेली. तिथं गर्दी होती. चौकशीच्या दोन खिडक्या होत्या. एकीत एक तरुण मुलगी बसलेली, तिच्यासमोरची रांग भराभर सरकत होती. दुसरी रांग लांबलचक आणि जागच्या जागी. ती त्या दुसऱ्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

काचेआडचा मामा तिथून तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. कुणीतरी काही विचारलं की तो आधी पडद्याकडे बघायचा, मग एका बोटानं काहीतरी दाबायचा, मग खुर्ची सरकवून शेजारच्या मुलीकडे वाकायचा. मुलगी स्वतःच्या रांगेवरची नजर न काढता उत्तर द्यायची. तो परत यायचा, काचेआडच्या माइकला तोंड लावून ते उत्तर सांगायचा.

"माहीत नसतं तर बसता कशाला इथं?" पुढं एक बाई कडाडली. तिच्या कडेवर मूल होतं, खांद्याला दोन पिशव्या. "माझी गाडी गेली ना!"

"माफ करा, ताई," मामाचा आवाज ध्वनिवर्धकातून सगळ्या रांगेला ऐकू आला. "मी नवीन आहे."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. डोक्यावरचे सगळे केस पिकलेला माणूस नवीन आहे म्हणत होता. मामानं मात्र मान वर केली, त्या बाईच्या मुलाकडे बघून भुवया उडवल्या, आणि पडद्यावर पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागला. या खेपेला त्याला सापडलं. "पुढची आहे, ताई, आहे! फलाट शेवटचा. धावू नका, वेळ आहे." बाई पिशव्या सावरत निघाली. मामा ती दिसेनाशी होईपर्यंत काचेला नाक लावून बघत राहिला, मग पुढच्या माणसानं काचेवर टकटक केली.

रांग दोन पावलं पुढं सरली. ती जागीच उभी होती.

"तुम्ही रांगेत आहात ना?" मागच्या माणसानं विचारलं.

"हो," ती म्हणाली, आणि बाजूला होऊन तिनं त्याला पुढं जाऊ दिलं. मग त्याच्या मागच्यालाही.