दोघी जावा आणि हत्तींचं जंगल

घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, आणि हळूहळू कामावरही तीच नावं रुळली. सख्ख्या जावा. धाकटी जंगली प्राण्यांचं चित्रीकरण करायची आणि थोरली आवाज टिपायची. थोरली मुळात रेडिओतली. धाकटी लग्न होऊन घरात आली त्याच वर्षी तिचा ध्वनिमुद्रक ऐन वेळी आजारी पडला, तेव्हा थोरलीने सहज विचारलं होतं, मी येऊ का? तेव्हापासून ही जोडी फुटली नाही. जावाजावांचं पटत नाही म्हणणारे यांच्याकडे बघून गप्प बसायचे.

आफ्रिकेतल्या वर्षावनात जायचं दोघींच्या फार मनात होतं. तिथे घनदाट झाडीच्या मधोमध एक दलदलीचं मोकळं मैदान आहे, आणि चिखलाखालचं खारं पाणी प्यायला रानहत्ती तिथे उघड्यावर येतात, असं त्यांनी ऐकलं होतं. एका वाहिनीने होकारही दिला होता. पण धाकटीची मूत्रपिंडं निकामी झाली आणि सगळंच थांबलं. नवऱ्याचं मूत्रपिंड जुळेना. थोरलीने कुणाला न सांगता तपासणी करून घेतली आणि घरी येऊन, ब्लाउज मापाला बसलं म्हणावं तशा सुरात सांगितलं, "माझं जुळतंय."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आजारपणात धाकटीला पाणी घोटाघोटाने, मोजूनमापून मिळायचं. आता ती पेला भरून घटाघटा प्यायची, आणि दर वेळी तिला थोरलीची आठवण व्हायची. मात्र आभाराचा शब्द कधी तिच्या तोंडून फुटला नाही. एवढ्या मोठ्या देण्यापुढे तो शब्द तिला फारच तोकडा वाटायचा.

ती हिंडूफिरू लागली तशी वाहिनीने पुन्हा विचारणा केली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला. प्रवासाआधी लस घ्यायची म्हणून दोघी डॉक्टरांकडे गेल्या, आणि तिथे माशी शिंकली. तिथे शिरायला डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची लस लागते, आणि ती जिवंत विषाणूंची असते. नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून धाकटी ज्या गोळ्या घेत होती, त्यांनी तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली होती. तिला ती लस देता येत नव्हती. सवलतीचं पत्र नाही का मिळणार, असं तिने विचारलं.

"मिळेल की," डॉक्टर म्हणाले. "पण पत्र अधिकाऱ्याला दाखवता येतं, डासाला नाही."

घरी येईपर्यंत थोरलीने निर्णय घेऊन टाकला होता. धाकटी नाही तर तीही नाही. जंगल काही पळून जात नाही.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "ताई, तुमचं एक मूत्रपिंड इथे मी सांभाळते. दुसऱ्याला तुम्ही जंगल दाखवून आणा."

थोरली हसली. मग पाठ फिरवून तिने धुतलेलंच भांडं पुन्हा धुवायला घेतलं.

थोरली जायला तयार झाली तशी धाकटी कामाला लागली. आपल्या जागी तिने सगळे चिमणी म्हणत अशा एका मुलीला निवडलं. ही चणीने लहान, म्हणून चिमणी. नदीकाठच्या पक्ष्यांचं चित्रीकरण करण्यात तिचा हातखंडा होता. पण हत्तींसमोर बसायचं म्हणजे ढिम्म बसायला हवं. धाकटी तिला गच्चीवर उंच स्टुलावर बसवायची आणि मान खाजवली तरी टोकायची. न्हाणीघरात गरम पाणी सोडून, दार लावून तिने कॅमेरे वाफेत ठेवून पाहिले. भिंग आतून धुरकटलं, तेव्हा हवाबंद पेट्या आणि ओल शोषणाऱ्या पुड्या आल्या. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या वाटाड्याशी तिचं रोज बोलणं व्हायचं. ठरवलेल्या दिवसांत वाटा पाण्याखाली असतील असं त्याने कळवल्यावर तिने सगळ्या तारखा पुढे ढकलल्या.

तिला हेवा वाटला नाही असं नाही. आपला जुना कॅमेरा पेटीत ठेवताना तिचा हात त्याच्यावरून निघेना. थोरलीने ते पाहिलं. ती जवळ येऊन बसली आणि धाकटी रडून मोकळी होईपर्यंत तिथून उठली नाही.

थोरली आणि चिमणी गेल्या. उपग्रहाच्या फोनवर तुटक तुटक बोलणं व्हायचं. एक दिवस थोरलीचा आवाज उतरलेला होता. हत्ती झाडीच्या तोंडापर्यंत येत आणि तिथूनच मागे फिरत. वाटाड्या काही कामासाठी गावात गेला होता. चिमणी कंटाळून परत जाऊया म्हणत होती.

"ताई, वारं कुठून येतंय?" धाकटीने विचारलं.

थोरलीला ते बघावं लागलं नाही. मायक्रोफोनवर वारं घोंगावू नये म्हणून ती दिवसभर त्याच्याशीच झगडत होती. पाठीमागून, ती म्हणाली. म्हणजे माणसांचा वास थेट हत्तींकडे जात होता. वाटाड्या परतल्यावर त्यांनी आपलं बसायचं मचाण मैदानाच्या पलीकडे हलवलं, आणि दुसऱ्याच सकाळी हत्ती आले.

थोरली परतली ती वाळून, आणि अंगभर किड्यांचे चावे घेऊन. धाकटीने दिवसभर तिला पलंगावरून उतरू दिलं नाही. औषध लावलं, डोक्याला तेल लावून दिलं. संध्याकाळी दोघी पडद्यासमोर बसल्या. एक हत्तीण चिखलात डोळ्यांपर्यंत सोंड खुपसून खालचं पाणी शोधत होती. बुडबुडे वर येत होते. तिचं पिल्लू आईच्या सोंडेशेजारी आपली एवढीशी सोंड घालून बघत होतं. त्याचा श्वास इतका जवळून ऐकू येत होता, की धाकटीला त्याची ऊब गालाला जाणवल्यासारखं झालं.

"ताई," ती म्हणाली, "बरं झालं, तुम्ही माझ्या जाऊ झालात."

"मी कुठली होतेय? मी आधीपासूनच या घरात होते," थोरली म्हणाली. "जाऊ तू झालीस माझी. बरं झालं आलीस."

पिल्लाला अखेर पाणी सापडलं. धाकटीने डोळे पुसले आणि ते दृश्य पुन्हा पहिल्यापासून लावलं.