सासऱ्याच्या मयताचा कागद

स्विलेन मास्तरांच्या हातात लाल पेन्सिल आली की एकही विशेषण जिवंत सुटत नसे. बल्गेरियातल्या त्या छोट्या गावात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, ते दर सोमवारी कथालेखनाचा वर्ग घेत. विद्यार्थी म्हणाल तर चार निवृत्त मंडळी आणि एक दातांची डॉक्टरीण. भावना सांगायची नाही, दाखवायची. शेवट आधी फोडायचा नाही. वाचकाला मूर्ख समजायचं नाही, हे मास्तरांचे दंडक. डॉक्टरीणबाईंनी एकदा भीत भीत ‘ती रडली’ असं लिहिलं, तर मास्तरांनी ते खोडून तिथे ओला रुमाल ठेवायला लावला.

अधूनमधून ते स्वतःच्या कथावाचनाचा कार्यक्रमही ठेवत. त्याचे कागद चौकातल्या फळ्यावर आणि इमारतींच्या दारांवर स्वतःच चिकटवत. कागदावर एखादं अर्धवट, गूढ वाक्य आणि खाली वार, वेळ, जागा. लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि त्या वेळेला नेमके दुसरीकडे कुठेतरी असायचे.

अशात मास्तरांचे सासरे, गेन्चोकाका, शहरातल्या इस्पितळात वारले. काकांनी जन्मभर गावाची बस चालवली. कुणी धावत येताना आरशात दिसलं की बस थांबवायची, मग आतले कितीही ओरडोत. त्यांची लेक, म्हणजे मास्तरांची बायको रालित्सा, शहरातच होती. तिचा एकच हट्ट होता, बाबांना निरोप द्यायला अख्खं गाव आलं पाहिजे. तिने मास्तरांना फोनवर सांगितलं, बाबांना मी घेऊन येते, तू तेवढा कागद काढ, तुला लिहिता येतं.

त्या गावात माणूस गेला की कागद निघतो. काळी चौकट, वर क्रूस, मधे फोटो, खाली नाव आणि ‘अत्यंत दुःखाने कळवतो की’. तो दारांवर, खांबांवर, झाडांवर लागतो. कागद पाहिल्याशिवाय कुणी मयताला जात नाही, आणि पाहिल्यावर कुणी चुकवत नाही.

छापखान्यातल्या मुलीने तयार मजकूर पुढे केला. मास्तरांच्या अंगावर काटाच आला. ‘अत्यंत दुःखाने’? गेन्चोकाकांसाठी? मास्तरांचा सख्खा बाप त्यांच्याशी कधी धड बोलला नव्हता. हा सासरा मात्र पहिल्या दिवसापासून, ‘जावई कसला, माझा मुलगाच आहे,’ असं चारचौघांत सांगायचा. मास्तरांनी त्यावर कधी साधं ‘बाबा’ म्हटलं नव्हतं, ते एक राहूनच गेलं होतं. म्हणून हा कागद तरी उत्तम व्हायला हवा होता.

त्यांनी चौकट काढून टाकली, चौकटीने शेवट आधीच कळतो. फोटो वगळला, चेहरा दिला की वाचकाच्या मनाला काही कामच उरत नाही. मग नावही खोडलं. ‘वारले’ हा शब्द तर पहिल्याच फटक्यात गेला. शेवटी उरलं ते असं: ‘खुंटीवर टोपी आहे. थांब्यावर कुणीतरी उभं आहे. बस आलेली नाही.’ खाली गुरुवार, दुपारी एक, सेंट पेत्का चर्च. मुलगी बिचकत म्हणाली, एवढंच? मास्तर म्हणाले, एवढंच. ते स्वतः गावभर कागद चिकटवून आले आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले.

गुरुवारी एक वाजला. चर्चमध्ये शवपेटी, पाद्री, रालित्सा, मास्तर आणि डॉक्टरीणबाई. मयताला आलेल्यांना द्यायचे शिजवलेले गोड गहू परातीत तसेच. रालित्सा सारखी दाराकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं, कागद लावलेस ना? सगळीकडे, मास्तर म्हणाले. ती उठली आणि चौकातल्या फळ्यापाशी गेली.

तिथे त्यांच्याच इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या स्तान्कामावशी पाव घेऊन चालल्या होत्या. काळ्या कपड्यांतली रालित्सा बघून त्या थबकल्या.

“काय गं, कोण गेलं?”

“मावशी, हा कागद वाचला नाहीत?”

“वाचला की. आम्हाला वाटलं, मास्तरांचा कार्यक्रम आहे. चर्चमध्ये कसा काय ठेवला, एवढंच नवल वाटलं.”

रालित्साने तो कागद टराटरा फाडला. मग भर चौकात उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, “माझे बाबा गेले. गेन्चो ड्रायव्हर गेले. या हो, त्यांना पोचवायला या.” आणि हमसून हमसून रडू लागली.

धडाधड दुकानं बंद झाली. पाववाला पिठाच्या हातांनी आला, न्हाव्याने गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडलं, ते गिऱ्हाईकही मागोमाग आलं. पाद्री थांबले. ‘फार भला माणूस हो’, ‘असा माणूस होणे नाही’, असली मास्तरांनी आयुष्यभर खोडलेली सगळी वाक्यं चर्चमध्ये घुमली.

कबरीपाशी घरच्या कुणीतरी दोन शब्द बोलायचे असतात. मास्तर पुढे सरले. आता त्यांना ना टोपी सुचली, ना थांबा. घशाशी एकच वाक्य आलं होतं: ‘बाबा, मला तुमच्याइतकं आपलं कुणीच मानलं नाही.’ त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात रालित्साने त्यांची बाही धरली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“तू राहू दे, स्विलेन. आज बोललेलं सगळ्यांना कळायला हवं.”

मग पाववाला बोलला आणि सगळे रडले. मास्तरांनी आपली पाळी आल्यावर मूठभर माती टाकली आणि गुपचूप बाजूला झाले. परतताना गावात एकमत झालं की सासरा गेल्याचं मास्तरांना काही फारसं वाटलेलं दिसत नाही.