माझा क्रोमचा बंपर आणि त्यामागची पुट्टी

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स मोटार आहे आणि माझे तोंड माझ्यापेक्षाही जुने आहे. ते कसे, हे सांगते. पण ऐकताना माझ्याकडे फार कौतुकाने पाहू नका. कौतुकानेच माझा घात होत आला आहे.

मी कारखान्यातून बाहेर पडले त्याच्या आदल्या वर्षापर्यंत माझ्या थोरल्या बहिणींना पोलादाचे बारीक बंपर बसवत असत. त्यांवर क्रोमचा मुलामा असे, आणि प्रत्येक बंपरवर दोन छोटी उभी शिंगे. मग नियम बदलले. टक्कर झाली तर बंपरने धक्का गिळला पाहिजे, असे ठरले. म्हणून माझ्या वाट्याला काळ्या रबराचे जाडजूड बंपर आले. आत लोखंडाचा सांगाडा, वरून रबर. दोन माणसांना एक उचलत नसे. लोक मला पाहून म्हणत, गाडी देखणी आहे, पण ओठ सुजलेत हिचे.

माझे मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या पत्नीला मी पहिल्या दिवसापासून नापसंत होते. लग्नाआधी दोघे कुणा मित्राच्या गाडीतून फिरायला गेले होते, ती माझी थोरली बहीण होती. बाईंच्या डोळ्यांसमोर तीच होती. मला घरी आणले तेव्हा त्या पायरीवरूनच म्हणाल्या, "ही काय, कुणीतरी टाकून बोलल्यासारखी उभी आहे."

"आपण तिला दात बसवू," डॉक्टर म्हणाले. "तो आपला धंदाच आहे."

ते बसवायला त्यांना एकतीस वर्षे लागली. तोवर बाई राहिल्या नव्हत्या.

मधली वर्षे चांगली गेली. माझ्यात दोनच आसने. त्यांची मुलगी आधी आईच्या मांडीवर बसून शाळेत गेली, मग आईच्या जागी बसून कॉलेजात गेली, आणि पुढे माझ्याच स्टिअरिंगमागे बसून चालवायला शिकली. रबर उन्हाने राखाडी पडू लागले तेव्हा डॉक्टर दर रविवारी त्याला बुटांचे काळे पॉलिश चोळत. वरून मी काळी कुळकुळीत दिसे. पण रबराच्या मागे माती साचते, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. मातीत ओल राहते. ओल लोखंडाचे काय करते, ते मी आतल्या आत शिकत होते.

मुलगी चार तासांच्या अंतरावरच्या गावात गणित शिकवायला गेली. बाई गेल्या. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, रोग्यांची खुर्ची उचलून गॅरेजमध्ये माझ्यासमोर आणून ठेवली, आणि माझ्यावर चादर घातली. नऊ वर्षे ती चादर निघाली नाही.

निघाली ती एका सकाळी. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भंगारात डॉक्टरांना माझ्या बहिणींचे दोन बंपर सापडले होते. त्यांनी ते मुलामा देणाऱ्याकडे पाठवले. परत आले तेव्हा त्यांत गॅरेजचे छप्पर दिसत होते. डॉक्टरांनी मुलीला फोन लावला.

"पंधरा तारखेला सुट्टीवर येशील तेव्हा गाडी तयार असेल. समुद्रावर जाऊ. घाटातून. तू चालवायचीस."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी शेजारी बसून चुका काढणार."

जुने बंपर उतरवायला मिस्त्री आला. मिस्त्री म्हणजे वेल्डिंग करणारा, डॉक्टरांचा जुना रोगी. त्याच्या तीन दाढा डॉक्टरांनीच काढल्या होत्या आणि तो प्रत्येक भेटीत त्यांचा हिशेब विचारी. माझे बोल्ट जाम झाले होते. त्यांना दोन दिवस तेल पाजले, मग आच दाखवली. शेवटचा बोल्ट सुटला, दोघांनी कण्हत बंपर जमिनीवर ठेवला, आणि माझे नाक बोटभर वर उचलले गेले. इतके हलके मला जन्मात वाटले नव्हते.

मिस्त्री मात्र हसला नाही. तो उकिडवा बसला आणि हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहू लागला. माझ्या पुढच्या भागात चासीचे, म्हणजे माझ्या सांगाड्याचे, दोन दांडे आहेत. बंपर त्यांच्या टोकाला लागतो आणि पुढच्या चाकांचा भारही त्याच दांड्यांवर येतो. चांगले लोखंड ठोकले की टणटणते. माझ्यातून आवाज आला तो ओल्या पुठ्ठ्यासारखा.

"डॉक्टर, दांडे गेलेत."

"किती?"

"वीतभर तरी. इंजिन उतरवायचं, सडलेलं कापायचं, नवी प्लेट जोडायची. दीड महिना धरा."

"पंधरा तारखेला पोर येतेय."

"मग बसने जा की. समुद्र काही उठून जात नाही."

"समुद्राचं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "माझं सांगता येत नाही."

मिस्त्रीने हत्यारे गोळा केली. दारातून तो म्हणाला, "या दांड्यांवर मी बंपर बसवणार नाही. घाटात कुठे जोरात ब्रेक लागला, तर पुढची चाकं एका वाटेने जातील आणि गाडी दुसऱ्या वाटेने."

मग डॉक्टर एकटेच कामाला लागले. चाळीस वर्षे ते रोग्यांना बजावत आले होते की कीड पुरती कोरल्याशिवाय दात भरायचा नसतो. वरून चकाकतो आणि आतून पोखरतो. तेच डॉक्टर आपली बारीक हत्यारे घेऊन माझ्यासमोर बसले आणि गंज कोरू लागले. पहिल्या दिवशी कोरले. दुसऱ्या दिवशी कोरले. खपल्या ट्रेमध्ये पडत राहिल्या आणि चांगले लोखंड काही लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी हत्यार खाली ठेवले आणि पुट्टीचा डबा उघडला.

भरणे त्यांना सुरेख जमे. थरावर थर, वर काचेच्या धाग्याची जाळी, मग घासकाम, मग रंग. बोट फिरवून सांध्याचा पत्ता लागला नसता. नवे बंपर चढले. चार बोल्टांपैकी दोघांनाच खरे लोखंड मिळाले, बाकीचे दोन पुट्टीत उभे राहिले. दिव्यांखाली छोटे नारिंगी दिवे लागले. शेजारी येऊन पाहून गेले. जाणारे येणारे थांबून म्हणाले, डॉक्टर, वीस वर्षांनी तरुण झाली. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मलाही सुख वाटले. मी वाकून स्वतःला त्या बंपरमध्ये पाहू शकले असते, तर पाहिले असते.

मुलगी आली. गॅरेजच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "बाबा, आईने हे बघायला हवं होतं."

डॉक्टर बंपरवरचा नसलेला डाग पुसू लागले.

"मिस्त्रींनी आतून सगळं पाहिलं ना?"

"पाहिलं," डॉक्टर म्हणाले. तेवढे खरे होते.

दुसऱ्या दिवशी निघायचे होते. सकाळी डॉक्टरांनी सांगितले, टायर जुने आहेत, बदलून घेऊ. त्याच्या पुढच्या दिवशी ब्रेकचे तेल संपत आले होते. मुलीने हट्टाने गल्लीतून एक फेरी मारली. डॉक्टर शेजारी बसले. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी त्यांचा पाय जमिनीत रुतत होता.

"हळू."

"बाबा, वीसवर आहे. शेजारची आजी पुढे निघून गेली."

"जाऊ दे तिला. तू हळू."

एका खड्ड्यात चाक गेले आणि पुट्टीच्या आत काहीतरी खरखरत खाली घसरले. मला कळले. डॉक्टरांनाही कळले असावे, कारण त्यांनी रेडिओ मोठा केला. त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन त्यांनी मिस्त्रीला फोन केला. "तुझंच खरं. सोमवारी ये आणि काप. नाही, तिला मी सांगतो. मीच सांगायला पाहिजे."

चौथ्या दिवशी दुपारी ते रोग्यांच्या खुर्चीत माझ्यासमोर बसले होते. वर मुलगी चहा करत होती. "चहा घेऊन आली की सांगतो," ते मला म्हणाले. ती चहा घेऊन आली तेव्हा ते सांगण्यापलीकडे गेले होते. तिने दोन्ही कप जपून जमिनीवर ठेवले आणि मगच त्यांना हाक मारली.

त्यानंतर घरात माणसांची ये-जा राहिली. मिस्त्रीही आला. जाताना तो गॅरेजशी थबकला, माझ्या बंपरकडे पाहिले आणि खाली मान घालून म्हणाला, "ताई, गाडी इतक्यात काढू नका."

"नाही काढत," ती म्हणाली. तिला वाटले, तो दुःखापोटी बोलतो आहे. तो गेला.

सोमवार येऊन गेला. असे पाच सोमवार गेले. पुट्टी ओल धरू लागली. बंपरच्या मागे, रंगाखाली, मोहरीच्या दाण्याएवढा एक फोड आला, मग त्याच्याशेजारी दुसरा. मला ओरडता येत नाही. मोटारीला भोंगा असतो, पण तो दुसऱ्याच्या हाताने वाजतो.

सहाव्या आठवड्यात मुलीने मागच्या बाजूला एक बॅग ठेवली. ती शेजारणीला म्हणाली, "बाबांची समुद्रावर जायची इच्छा राहिली. मी एकटीच जाऊन येते." किल्ली लावण्याआधी तिने फडके घेतले आणि माझा बंपर पुसायला ती वाकली. फोड तिच्या नजरेस पडला. अशा वेळी कुणीही करते तेच तिने केले, नखाने खरवडले. नाण्याएवढी खपली निघून तिच्या पायावर पडली.

ती दातांच्या डॉक्टरची मुलगी. तिने बाबांच्या हत्यारांचा खण उघडून दात तपासायची टोकदार सळई आणली आणि भोकात घातली. सळई मुठीपर्यंत आत गेली. मग ती खाली बसली आणि एकेक तुकडा काढून ट्रेमध्ये मांडू लागली. जाळी निघाली. जाळीच्या मागे सळईने कोरल्याच्या रेघा दिसल्या, बारीक, एकसारख्या, नेटक्या. तो हात तिने ओळखला. मग तिने मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री अर्ध्या तासात आला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि बाबांना?"

"होतं. फोनवर म्हणाले, मीच सांगतो तिला. मग ते गेले. बापाच्या हातचं शेवटचं काम, ताई. ते खोटं आहे, हे मी येऊन कुठल्या तोंडाने सांगू? इतक्यात काढू नका म्हणालो. तेवढंच जमलं."

"मी आज घाटात असते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मिस्त्रीने तिच्याकडे पाहायचे टाळले आणि पाना उचलला.

बंपर उतरला. तो भिंतीला टेकवून ठेवला तेव्हाही तो तितकाच चकाकत होता.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तूला जरूर पुसा, पॉलिश करा, तिला तिचे तरुणपणचे तोंड परत द्या. पण आधी खाली वाकून तिच्या पोटात काय चालले आहे ते पाहा. आणि दिसले तर ज्याला तिच्यात बसायचे आहे त्याला त्याच दिवशी सांगा. डॉक्टरांचे मुलीवर प्रेम नव्हते, असे कुणी म्हणू नये. त्यांनी फक्त चार दिवस उशीर केला.

मिस्त्री दिवा घेऊन माझ्याखाली सरकला. ठोकण्याचा आवाज पुढून मागे जाऊ लागला. चाकांपाशी आला, इंजिनाखाली आला, मग त्याच्याही मागे, जिथे चालवणाऱ्याचे आसन असते तिथे. तिथे एकाच जागी तीनदा ठोकले गेले आणि आवाज थांबला. मिस्त्री बाहेर आला. हात स्वच्छ होऊन गेले तरी तो पुसतच राहिला.

"आधी जरा चहा घेऊ, ताई."

"नको," ती म्हणाली. "आधी सांगा. काही मागे ठेवू नका."

मिस्त्री तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सांगू लागला. मीही ऐकत होते. गंज पार त्या आसनाखालपर्यंत गेला आहे, हे तोवर मलाही माहीत नव्हते.