सायलेन्सरमधली कुरडई

रविवारच्या शर्यतीला मयुरीला स्वतः ट्यून केलेली गाडी न्यायची होती. प्रताप नगरातल्या अंगणात, वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी इंजिन गुरगुरत होतं आणि ती लॅपटॉपला डोळे लावून बसली होती. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सांगत होता, हवा जास्त आहे, पेट्रोल वाढव. ती वाढवत गेली. सेन्सरचं समाधान होईना, गाडी मात्र काळा धूर ओकायला लागली.

"काय वं, माह्या कुरडया काळ्या करून राहिली!" सासूबाई, तुळजाबाई, धावत आल्या.

"आई, सेन्सर म्हणते पेट्रोल कमी आहे."

"मंग हा धूर काय उपाशीपोटी निघून राहिला?"

मयुरी थबकली. सेन्सर आणि धूर, दोघांचं एकदम खरं असणं शक्य नव्हतं. नळीत बाहेरूनच हवा शिरत असावी. इंजिन बंद करून, नळी निवल्यावर ती गाडीखाली सरपटली. सेन्सरच्या अलीकडच्या जोडाला हात लावताच कडक पोपडे तिच्या तोंडावर पडले.

तुळजाबाईंनी एक उचलून दाताखाली धरला.

"हा तं माह्या कुरडईचा चीक!"

दोघींनी दारात उभ्या असलेल्या मयुरीच्या नवऱ्याकडे, भूपेशकडे पाहिलं. जोड त्यानंच बसवला होता.

"पॅकिंग फाटलं होतं," नवरोबा पुटपुटले. "चीक वाळला का दगड होते, म्हटलं चालून जाईन."

नवं पॅकिंग बसलं, सेन्सर ताळ्यावर आला, धूर थांबला. रविवारी मयुरी शर्यतीला गेली आणि टाळ्या वाजवायला सासूबाईही गेल्या. भूपेश घरी सोऱ्या दाबत नव्या कुरडया घालत बसला.