तीन नंबरचा ग्लास

कोन गावच्या केसरीनाथ भोईरांच्या गोदामात त्या रविवारी माणसं वाइन प्यायला येणार होती आणि तोंडात घेतलेली वाइन बादलीत थुंकणार होती. ही बातमी नाक्यावरच्या टपरीवर पोचली आणि तिथे हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं. इथे हळदीच्या रात्री थेंब सांडला तरी भाऊबंदकी पेटते, आणि हे शहाणे थुंकायला मुंबईहून येणार! हसू द्या. गावाला हसायला निमित्त लागत नाही. पण त्या गोदामात काय पणाला लागलं होतं हे कळलं असतं, तर टपरीवर कुणाच्या घशाखाली चहा उतरला नसता.

भूपेश हा केसरीनाथांचा एकुलता एक मुलगा. शेतावर गोदामं उभी राहिली, भाडी येऊ लागली, तेव्हा त्याच्या बरोबरीची पोरं गळ्यात साखळ्या घालून गाड्या उडवत होती. हा मात्र नाशिककडे गेला आणि हितेश नावाच्या दोस्ताबरोबर द्राक्षांची लाल वाइन करायला शिकला. मागच्या गोदामातली एक खोली त्याने बापाकडून मागून घेतली, तिला आतून जाड अस्तर लावलं, थंडाव्याचं मशीन बसवलं आणि पहिल्या मोठ्या सालच्या बाटल्या तिथे आडव्या निजवल्या. "धा वर्सं झोपू दे त्यांना," तो म्हणायचा, "मग बगा."

बाप काही बघायला तयार नव्हता. केसरीनाथांचा धाकटा भाऊ काथोड दारूपायी गेला होता. त्याला पोचवून आल्यावर केसरीनाथांनी जी बाटली सोडली ती सोडली. दरवर्षी भूपेश ग्लास घेऊन ओटीवर यायचा. "बाबा, एक घोट. ही तसली न्हाय." "तसली न्हाय नि असली न्हाय. ने ती." इतकंच व्हायचं. भूपेश हसत परत जायचा. तीन वर्षांपूर्वी बायपासवर एका कंटेनरखाली त्याची मोटरसायकल आली, आणि तो घोट राहून गेला.

तेव्हापासून केसरीनाथांनी मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. पितृपंधरवड्यात त्यांची बायको गुणाबाई वडीलधाऱ्यांची पानं वाढायच्या आणि चाचरत विचारायच्या, "भूपेशचं वाढू का?" "बापानं पोराचं पान वाढायचं नसतं," असं म्हणून ते चपला घालून बाहेर पडायचे. शास्त्र काय सांगतं ते त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. वाढलं असतं तर पोरगा गेला हे कबूल करावं लागलं असतं, एवढं गुणाबाईंना कळत होतं, म्हणून त्याही पुढे बोलत नसत.

आता एका कंपनीला ते गोदाम अख्खं हवं होतं, मागच्या खोलीसकट. भूपेशची बायको दिशा म्हणाली, खोली द्यायची नाही. आतली वाइन त्याच्या नावाने विकायची, आणि पुढचीही मी करीन, हितेश भावोजी शिकवतील. घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी केसरीनाथच तिला म्हणाले, "त्या सालची निरनिराल्या लोकांची वाइन मांड, त्यात त्याची बी. त्याची कुठली ते मना सांगू नको. कंदी चाखली न्हाय, पन पोराची म्हून मी वलखली तर खोली राहील. न्हाय वलखली तर उघडून देऊन टाकू." हा माणूस सगळ्या व्यवहारात असाच, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. दिशाने मान डोलावली आणि हितेशला फोन केला.

तिने बाटल्यांना कामतघरहून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या, गळ्यापर्यंत बंद होणाऱ्या. मागची खोली तिने भूपेशनंतर पहिल्यांदाच उघडली ती त्या एका बाटलीसाठी. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. गुणाबाईंना वाटलं, आठवण आली असेल. दिशा मोरीवर बसून त्या बाटलीचा गळा ओल्या फडक्याने पुसत राहिली आणि मग घाईघाईने तिच्यावर पिशवी चढवली.

रविवारी सकाळी गोदामाचं शटर वर गेलं. आत एक लांब टेबल, पांढरी चादर, एक ते पाच आकडे लिहिलेले ग्लास. चाखायला मुंबईहून रीमा मॅडम आल्या होत्या, बरोबर त्यांच्याच धंद्यातले एक वयस्कर गृहस्थ. हितेश होता. आणि टेबलाच्या टोकाला इस्त्रीचा सदरा घालून केसरीनाथ, परीक्षेला बसल्यासारखे ताठ. पाचही वाइन एकाच सालच्या, सगळ्या लाल, सगळ्या नाशिककडच्या द्राक्षांच्या. कुठल्या पिशवीत कुणाची, हे फक्त दिशा आणि हितेशला माहीत होतं.

"काका, घाई नको," हितेश म्हणाला. "आधी वास घ्या. मग तोंडात घोळवा. आणि थुंकून टाका, नाहीतर शेवटच्या ग्लासापर्यंत जीभ बधिर होईल."

केसरीनाथांनी एक नंबरचा ग्लास उचलला, पण वास घेतला नाही. करंगळी आत बुडवली आणि थेंब जमिनीवर शिंपडले. "राघो आजा. लडकू बा. काथोड." बाटली सोडून इतकी वर्षं झाली, पण हात विसरला नव्हता. पिण्याआधी घरातल्या गेलेल्यांना द्यायचं, मग आपण. मुंबईचे गृहस्थ बघतच राहिले. दिशा मात्र कान देऊन ऐकत होती. काथोडनंतर एक नाव यायला हवं होतं. केसरीनाथ थांबले, आणि ग्लास ओठाला लावला.

एक नंबर त्यांना आंबट लागला. दोन नंबर बरा, पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. थुंकताना ते ओशाळे होऊन बादलीकडे पाठ करत होते.

तीन नंबरवर रीमा मॅडमच आधी थबकल्या. ग्लास उजेडाकडे धरून त्या म्हणाल्या, "रंग विटकरी पडलाय. वासाला नुसता शिजलेला मनुका. ही गेली आहे." गृहस्थांनीही तोंड वाकडं केलं. "उन्हात राहिलेली वाटते. वाया गेलेली आहे अगदी." केसरीनाथांनी करंगळी बुडवून तीच तीन नावं घेतली, घोट तोंडात घेतला आणि लगेच बादलीत टाकला. "शी! ही कुनाची? बापानं लक्ष न्हाय दिला वाटतं पोराकडं," ते म्हणाले, आणि या थट्टेवर स्वतःच थोडे हसले. हितेशने दिशाकडे पाहिलं. दिशा टेबलावरची चादर सारखी करत होती.

चार नंबर आला आणि गेला. केसरीनाथांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. एकच ग्लास उरला होता, आणि अजून काही ओळखू आलं नव्हतं.

पाच नंबर त्यांनी उचलला. थेंब दिले. आणि या खेपेला, नकळत, आधी वास घेतला.

त्यांनी ग्लास पुन्हा एकदा नाकाशी नेला. मग एक घोट घेतला आणि तो तोंडातच ठेवला. भूपेश लहान, जेमतेम बारा वर्षांचा असताना त्याने परड्यातल्या पेंढ्याच्या माचाखाली एका गाडग्यात जांभळं कुस्करून पुरली होती. कुणालाही न सांगता. वासावरून बापानेच ते शोधून काढलं आणि शेवग्याच्या फांदीने त्याला बडवलं होतं. मार खातानाही ते पोर रडत रडत म्हणत होतं, "बाबा, पन वास बगा ना, वास बगा." त्या दिवशी बघितला नव्हता. आज नाकात तोच भरला, जांभळाचा, ओल्या मातीचा, पेंढ्याचा. त्यांनी तो घोट थुंकला नाही. गिळला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"ही," ते म्हणाले. "ही माज्या भूपेशची."

तीन वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्यांच्या तोंडून आलं होतं. रीमा मॅडम हलकेच म्हणाल्या, "आम्हालाही पाचांत हीच सगळ्यांत वर वाटते." हितेशने पाच नंबरची पिशवी सोडली. बाटलीवर भूपेशच्या अक्षरातली चिठ्ठी होती. केसरीनाथ उठून उभे राहिले आणि त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "खोली राहील, पोरी. आतली सगली त्याच्या नावानं ईक. बापानं तर न्हाय पिली, दुनियेला तरी पिऊ दे."

दिशाला रडू फुटलं. आनंदाचं म्हणावं तर तसं ते दिसत नव्हतं. केसरीनाथांना काही उमजेना. त्यांनी हितेशकडे पाहिलं.

"काका," हितेश खाली बघत म्हणाला, "ही पाच नंबरची बाटली माझ्याकडची आहे. भूपेशने मला दिली होती, माझ्या तळघरात होती. तेवढी एकच." मग त्याने तीन नंबरची पिशवी सोडली. आत तीच बाटली, तेच साल, तीच चिठ्ठी, तेच अक्षर. "आणि ही तुमच्या खोलीतली. दोन्ही एकाच दिवशी भरलेल्या. चाखताना कधीकधी एकच वाइन दोनदा मांडतात, जिभेची परीक्षा म्हणून. मला फक्त बघायचं होतं खोलीत कशी राहिलीय ते. काका, मशीन बंद पडलं होतं का मध्ये?"

"लाइटचा काय भरोसा इकडं," दिशा घाईने बोलली. "जाते येते. कुनाचा दोष न्हाय, बाबा. लाइटच—"

"लाइट न्हाय," केसरीनाथ म्हणाले.

तेराव्यानंतरची दुपार त्यांच्यापुढे उभी राहिली. पाहुणे गेले होते. पोराची खोली जशी आहे तशी ठेवायची, कुणाचा हात लागू द्यायचा नाही, म्हणून ते एकटेच मागच्या गोदामात आले होते. टेबलावरचा त्याचा चष्मा त्यांनी हलवला नाही. खुंटीवरचा सदरा हलवला नाही. दाराला मोठं कुलूप घातलं, आणि कुठलंही गोदाम बंद करताना करतात तसं, आयुष्यभराच्या सवयीने, बाहेरच्या बोर्डावरचा मोठा खटका खाली ओढला. मग दारावर कपाळ टेकवून बराच वेळ उभे राहिले. आतलं मशीन घरघरत थांबल्याचं त्यांनी ऐकलंही होतं. बरं वाटलं होतं तेव्हा, आता पोराला शांत झोप लागेल असं. त्यानंतरचे तीन उन्हाळे आतल्या सगळ्या बाटल्यांनी त्या पत्र्याखाली काढले.

"मशीन मीच बंद केली," ते म्हणाले. "जपायला गेलो नि मीच मारली."

बाहेर कल्याण रस्त्यावर कंटेनर जात होते. रीमा मॅडमनी पेन खाली ठेवलं. एकेक करून मुंबईची माणसं पायरीवर जाऊन उभी राहिली, हितेशही गेला.

केसरीनाथ पुन्हा खुर्चीत बसले. पाच नंबरच्या बाटलीत तळाशी जे उरलं होतं ते त्यांनी एका ग्लासात ओतलं. तीन नंबरची बाटली दुसऱ्या ग्लासात उपडी केली, ग्लास काठोकाठ भरेपर्यंत. दिशाला वाटलं, आता ते चांगल्यातला घोट घेतील. आयुष्यभर नाकारला तो आता ओळखून घेतील. घ्यावा असं तिला मनापासून वाटत होतं.

त्यांनी पाच नंबरच्या ग्लासात करंगळी बुडवली. "राघो आजा. लडकू बा. काथोड." ते थांबले.

"भूपेश," ते म्हणाले. "घे बाला." आणि थेंब जमिनीवर पडले.

मग तो ग्लास त्यांनी सुनेपुढे सरकवला. "ही तू पी. ही त्याची हाय."

"आनि तुमी, बाबा?"

त्यांनी तीन नंबरचा ग्लास उचलला. "ही माजी," ते म्हणाले, आणि बादलीकडे न बघता घोट घोट करत तो संपवला. एक थेंबही थुंकला नाही.