नऊ जणांचं बरं

नऊ कागद, नऊ खुणा, आणि सगळ्या एकाच चौकोनात. तिने कागद पुन्हा चाळले. उत्तर बदललं नाही.

चक्करवाल्यांचा गट दर गुरुवारी चार वाजता इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर भरायचा. आतल्या कानात बिघाड झाला की खोली फिरते, जमीन सरकते आणि मान वळवायचीच धास्ती बसते. अशी नऊ माणसं तिथे समोर अंगठा धरून त्यावर नजर रोखून मान वळवायला शिकत. फरशीवरच्या पिवळ्या पट्टीवरून पावलाला पाऊल लावून चालत. त्यांच्याकडून हे करून घेणारी मुलगी पदवी मिळवून नुकतीच नोकरीला लागली होती. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून सगळा विभाग तिला मोजपट्टी म्हणायचा.

आज बारावी बैठक. अभिप्रायाचे कागद पाच वाजता डॉक्टरबाईंच्या टेबलावर हवे होते. सरासरी साडेतीनच्या खाली आली तर गट बंद आणि खोली नव्या यंत्राला, असं बाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. वर तंबीही दिली होती, "गटाला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. नाहीतर तुझ्या तोंडाकडे बघून पाच-पाच गुण देतील."

कागद मोजपट्टीनेच तयार केला होता. प्रश्न एकच: या गटात येऊन कसं वाटलं? खाली पाच चौकोन: वाईट, ठीक, बरं, छान, उत्तम. एक ते पाच गुण. मधल्या शब्दावर तिने दोन दिवस काथ्याकूट केला होता. शेवटी आईने निकाल लावला. स्वयंपाक बरा झालाय असं कुणी म्हटलं की आई दिवसभर धुसफुसायची. म्हणजे बरं हे बरोबर मधलं.

आता नऊच्या नऊ बरं. सरासरी तीन. गट गेल्यात जमा.

पण मनात दुसरंच काहीतरी डोकं वर काढू लागलं. नऊ माणसं, नऊ तऱ्हेची दुखणी, आणि उत्तरांत तसूभर फरक नाही? नऊ जणांची उंचीसुद्धा सारखी निघत नाही. एकमेकांचं बघून लिहिलं म्हणावं, तर खुर्च्या तिनेच लांब लांब मांडल्या होत्या.

घड्याळात पावणेपाच झाले होते. लिफ्ट नेहमीसारखी तळमजल्यावर अडकली होती आणि मंडळी बाहेरच्या बाकावर गप्पा मारत बसली होती.

"काका, जरा आत या ना सगळे," ती दाराशी येऊन म्हणाली. "एक शंका आहे."

"आता पुन्हा त्या पट्टीवर चालायला लावू नकोस," ड्रायव्हरकाका उठत म्हणाले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण मध्यंतरी घराच्या पायऱ्या उतरतानाही भिंत धरायचा.

तिने कागदाचे पाच कपटे केले, त्यांवर पाच शब्द लिहिले आणि टेबलावर टाकले. "हे कमी-जास्त असे ओळीने लावायचे. मी काही बोलणार नाही."

शिवणकाम करणाऱ्या मावशी पुढे झाल्या. वाईट, ठीक, छान, उत्तम असे भराभर लावले आणि 'बरं' हातात घेऊन उत्तमच्याही पलीकडे, टेबलाच्या कडेला ठेवलं.

"मावशी, तिकडे का?"

"मग कुठे? छान कापड असतं गं, दुखणं बरं होतं. चार महिने मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मान खाली घातली की मशीनसकट गरगरायचे. आता बरं आहे. याच्या वर काय असतं, तूच सांग."

"तुझे चौकोन बघून मी म्हटलं, पोरीने आमच्यासाठी मुद्दाम तो शब्द घातलाय," काका म्हणाले. त्यांनी कपटा उचलून ओळीतून पार बाजूला, खिडकीत नेऊन ठेवला. "याचं ओळीत कामच नाही. माणूस बरा असतो, नाहीतर नसतो. उत्तम-बित्तम साहेबांच्या शेऱ्यात."

बाकीच्यांनी माना डोलावल्या, तेही न घाबरता. फक्त गणिताचे मास्तर पुढे आले, त्यांनी खिडकीतला कपटा आणला आणि ठीक व छान यांच्या मधोमध सरकवला.

"माझं बरं मात्र तुझ्या कागदावरचं," ते म्हणाले. "मधलं. चक्कर अर्धीच कमी झालीय."

"मास्तर, पोरीचं मन तरी राखायचं," मावशी कुजबुजल्या.

"ती शंका विचारतेय, मन राखायला नाही सांगत."

मोजपट्टीचे डोळे लकाकले. आठ जणांच्या तीनचे पाच करावेत, असा मोह क्षणभर झालाही. पण भरलेल्या कागदाला हात लावणं तिच्या शिस्तीत बसेना. तिने कागद परत वाटले. "मागच्या बाजूला लिहा. आधी काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं. काहीच फरक नसेल तर तसं लिहा."

पाचला दोन मिनिटं असताना ती डॉक्टरबाईंसमोर उभी होती.

"सरासरी?"

"तीन. पण ती धरू नका, बाई. प्रश्न चुकला, माझाच." तिने कपट्यांचा सगळा प्रकार सांगितला. "मागची बाजू वाचा."

बाईंनी चष्मा चढवला. "गटाला सांगितलंस, बंद होणार म्हणून?"

"नाही."

"मग हा सगळ्यात वाईट कागद वर कशाला ठेवलास? एवढा व्यवहार तरी शिक."

"मधलं बरं त्या एकाच कागदावर आहे."

बाईंनी तो कागद उचलला. मास्तरांचं अक्षर टपोरं होतं: बाजूला वळलं तर आता त्रास नाही. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला मान वर केली, की अजून फिरतं. पंधरा-वीस सेकंदांत थांबतं. रोज.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "बारा बैठकांत हे कुणाला कळलं नाही?"

"आपण मान आडवीच फिरवायला लावतो. वरचं कुणी विचारलंच नव्हतं."

बाकीचे आठ कागद बाईंनी उभ्या उभ्या वाचले. मग नव्या यंत्राच्या जागेचा अर्ज काढला, त्यावर 'दुसरी खोली बघावी' असं लिहून सही केली. "गट राहू दे. पुढचा प्रश्न छापण्याआधी मला दाखव. आणि पळ, त्या मास्तरांना गाठ."

लिफ्ट अजून आली नव्हती. मास्तर तपासणीच्या खाटेवर बसले. बाईंनी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून एका बाजूला वळवलं आणि त्यांना झरकन मागे निजवलं, डोकं खाटेच्या कडेखाली लोंबेल असं.

"डोळे मिटू नका, मास्तर. कानातले बारीक खडे सरकले असतील तर बुबुळं सांगतील, मग ते जागेवर आणता येतात."

काही क्षण काहीच झालं नाही. मग मास्तरांची बुबुळं टकटक उडू लागली, वर आणि तिरकी. एवढ्या जवळून मोजपट्टीने हे कधी पाहिलं नव्हतं. ती श्वास रोखून वाकली.

"काय होतंय, मास्तर?" तिने विचारलं. "जसं होतंय तसं सांगा."